सावईवेऱ्याची वसरी आणि दोन ओहमचा घोळ

मास्तरांचा फोन आला तेव्हा मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. "अँप परत झोपला रे. आता तू ये, नाहीतर हा डबा मी विहिरीत टाकतो."

सावईवेऱ्याचे हे मास्तर मला शाळेत मराठी शिकवायला होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचे दोनच उद्योग, भजनाला पेटी धरणं आणि जुनं गाणं ऐकणं. घरात कोकणी बोलतात, पत्र मराठीत लिहितात आणि चिडले की दोन्ही भाषा वापरतात. केरी हे शेजारचं गाव, त्यामुळे केसरबाई केरकर म्हणजे त्यांच्या लेखी घरचंच माणूस. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, हे ते दारात आलेल्या प्रत्येकाला सांगतात. "ती बाई तिथे चांदण्यांत ऐकू येते, माझ्या वसरीत येत नाही," ही त्यांची मूळ तक्रार. अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, मधेच झोपणं हे दुखणं नंतरचं.

माझं फोंड्यात दुरुस्तीचं दुकान आहे. अँप, स्पीकर, देवळांच्या कर्ण्यांचे मशीन, क्वचित रेकॉर्ड प्लेअर. या प्रकरणात मी आधी एक चूक केली आणि मग ती निस्तरली. स्पीकर आणि अँप यांची जोडी कशी जुळवायची हे कोणी विचारलं की मी हल्ली हीच हकिकत सांगतो.

घर आणि सामान

घर जुनं, चिऱ्याच्या भिंतींचं, वर मंगळुरी कौलं. आढ्याखाली छत नाही. मधोमध राजांगण, म्हणजे आतला उघडा चौक, त्याला लागून वसरी, बसाउठायची लांब खोली. ती मी टेपने मोजली, ७.२ मीटर लांब, ४.६ रुंद, उंची सरासरी ३.८. जमीन गुळगुळीत लाल सिमेंटची, इतकी घोटलेली की पाय ठेवला की गार वाटावं. सामान म्हणजे मास्तरांची लांब हातांची आरामखुर्ची, दोन बाकडी, भिंतीला काचेचं शोकेस. शोकेसात गणपतीच्या सजावटीचे पितळी समई-तांबे, आणि त्यांच्या मधोमध मास्तरांच्या थोरल्या मुलाने बंगळुरूहून पाठवलेले स्पीकर.

स्पीकर उत्तम होते. लहान, दोन-मार्गी (खालच्या सुरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर), मागे पोर्ट म्हणजे हवेचं भोक असलेले. कागदावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती आवाज, ८५ डेसिबल. इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ८ ओहम; हा जितका कमी तितका अँपवर भार जास्त. त्या ओळीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक आकडा होता: किमान ३.४ ओहम. थोरल्याने बहुतेक तो वाचला नव्हता. कोणीच वाचत नाही.

अँप म्हणजे सिनेमासाठी घेतलेला पाच चॅनेलचा रिसीव्हर. खोक्यावर दर चॅनेलला १०० वॅट लिहिलेलं. मी रिसीव्हर उलटा करून मागची पट्टी वाचली. विजेचा वापर २४० वॅट. आत २४० जातात आणि बाहेर पाचशे येतात, असं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही. असा आकडा बहुधा एकच चॅनेल चालवून, एकाच सुरावर, आवाज फाटेपर्यंत रेटून काढलेला असतो. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे टेपरेकॉर्डरवर पीएमपीओ म्हणून हजार हजार वॅट छापत, त्याची ही जरा शिकलेली भावंडं. अमेरिकेत असल्या आकड्यांना वेसण घालायला १९७४ मध्ये व्यापार आयोगाला नियम करावा लागला, म्हणजे रोग जुना आहे. खोक्यावरच्या वॅटपेक्षा मागच्या पट्टीवरचा वापर आणि यंत्राचं वजन यांच्यावर माझा जास्त विश्वास. जड ट्रान्सफॉर्मर खोटं बोलत नाही.

कधी झोपतो?

दुरुस्तीवाल्याला पहिला प्रश्न हाच पडतो. मास्तरांनी वही ठेवली होती, मास्तरच ते. सकाळी अभंग लावले तर काही होत नाही. दुपारी नाही. संध्याकाळी, तेही पाहुणे असले की, दहा-पंधरा मिनिटांत लाल दिवा लागतो आणि आवाज बंद.

"पाहुणे आले की आवाज वाढवता का?"

"थोडा. बाहेर सोप्यावर बसतो ना सगळे. बाहेरचेही चालू करतो."

बाहेरचे! मी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर गेलो. दोन्ही बाजूंच्या सोप्यांच्या, म्हणजे दगडी बैठकांच्या वर, वाशांना टांगलेल्या प्लायवुडच्या पेट्या. आत गाडीत बसवायचे चार ओहमचे स्पीकर, गावातल्या कोणीतरी हौसेने लावून दिलेले. तिथपर्यंत गेलेली वायर म्हणजे दिव्याला वापरतात ती बारीक फ्लेक्स, एका बाजूला बारा मीटर. रिसीव्हरच्या पुढच्या बाजूला ए, बी आणि ए-बी एकत्र असं बटण होतं. पाहुणे आले की मास्तर ए-बी दाबत.

इथे मल्टिमीटर काढला. दोन-मार्गी स्पीकरला मीटर लावला की ट्वीटर वाटेतल्या कपॅसिटरमुळे मोजमापात येत नाही, वूफरची तार तेवढी मोजली जाते. आठ ओहमच्या नेहमीच्या स्पीकरला हा आकडा साधारण सहाच्या आसपास दिसतो. इथे ३.२ आला. मग दहा ओहमचा रझिस्टर मालिकेत जोडून फोनवरच्या टोन जनरेटरने एकेक सूर दिला आणि प्रत्येक ठिकाणी व्होल्टेज मोजलं. दोनशे हर्ट्झच्या जवळ इम्पीडन्स ३.४ पर्यंत खाली, आणि तळाशी एका ठिकाणी ४५ च्या वर. आठ ओहम हा आकडा म्हणजे टोपणनाव समजायचं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान इम्पीडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे आठला ६.४. त्या हिशेबाने हा स्पीकर चार ओहमचाच म्हणायला हवा.

आता बाहेरची जोडी. गाडीचा स्पीकर ३.६, त्यात त्या बारीक वायरीचे जाऊन-येऊन चोवीस मीटर म्हणजे ०.८ ओहम. एकूण ४.४. दोन्ही जोड्या समांतर लागल्या की रिसीव्हरला दिसतात १.९ ओहम. जी वायर बघून मी तोंड वाकडं केलं होतं तीच बिचारी इतके दिवस रिसीव्हरचा जीव वाचवत होती.

आणि संध्याकाळचं काय? साडेसातला सगळ्या गावात दिवे, पंप, फ्रिज. त्या वेळी मास्तरांच्या प्लगमध्ये १९८ व्होल्ट होते, हवेत २३०. अशा अँपमध्ये आतलं व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरतं आणि वॅट वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे उरतात पाऊणपट. एकीकडे अर्धपोटी मजूर, दुसरीकडे दुप्पट ओझं. संरक्षण सर्किट काम सोडून बसलं यात त्याचा दोष नव्हता.

रिसीव्हरच्या मागे ८ ओहम आणि ४ ओहम असं एक छोटं स्विच असतं. मास्तरांनी कोणाच्या तरी सल्ल्याने ते चारवर नेलं होतं. बहुतेक रिसीव्हरांत ते स्विच आतलं व्होल्टेज कमी करतं, म्हणजे यंत्र गार राहतं पण ताकदही जाते. मी ते परत आठवर नेलं.

माझी चूक

बाहेरची जोडी सोडवली, अँप झोपणं जवळजवळ थांबलं. तरी चवथीच्या घुमट आरतीचं (घुमट म्हणजे मडक्यासारखं मातीचं तालवाद्य) रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं की एखादेवेळी लाल दिवा चमके. मग मी जे सगळे दुकानदार करतात तेच केलं, म्हटलं मोठा अँप लावू. दुकानातला एक जाडजूड इंटिग्रेटेड अँप उचलून नेला, आठ ओहमला १०० वॅट, चारला १८०. चार ओहमला आकडा दुप्पटीजवळ जातो तो अँप करंट द्यायला कंजूस नसतो, एवढी ओळख पुरते.

लावला. लाल दिवा नाही, आवाज भरपूर. मी खूश. मास्तर दहा मिनिटं डोळे मिटून ऐकत बसले आणि म्हणाले, "आवाज मोठा झाला रे. पण बाई अजून देवळाच्या मंडपातच गाते."

मी वसरीच्या मध्यावर उभा राहून एक टाळी वाजवली. टाळी कौलांत गेली, राजांगणाच्या दारापर्यंत जाऊन आली आणि मग कुठे विरली. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

टाळीचा हिशेब कागदावरही मांडता येतो. हार्वर्डच्या वॉलेस सेबिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शब्द न कळणाऱ्या एका व्याख्यानगृहात उशा-गाद्या नेऊन-आणून तो बसवला. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले तिच्यातलं एकूण शोषण. वसरी १२६ घनमीटर. सिमेंटची जमीन आणि चुन्याच्या भिंती जवळपास काहीच शोषत नाहीत. कौलांच्या फटी, माणसं, बाकडी धरून माझ्या अंदाजाने आठ चौरस मीटरचं शोषण. म्हणजे आवाज विरायला अडीच सेकंद. गाणं घरात नीट ऐकायचं तर अर्ध्या सेकंदाच्या आगेमागे हवं. केसरबाईंची एक तान संपायच्या आत आधीच्या चार ताना भिंतींवर फिरत असणार, मग शब्द कसले कळणार!

सेबिनच्या हिशेबात उघडी खिडकी हे शंभर टक्के शोषण. गेलेला आवाज परत येत नाही. दोन खिडक्या आणि दार उघडलं तर पाच-सहा चौरस मीटरची भर पडते आणि अडीचाचे दीड सेकंद होतात. मास्तरांना हे ऐकून हसू आलं. "म्हणजे मे महिन्यात बरं वाटायचं ते खरं होतं तर! मला वाटे उन्हाळ्यात माझे कान सुधारतात." पाऊस लागला, खिडक्या मिटल्या, आणि तक्रार वाढली. वहीत तारखाही तशाच होत्या.

तर, शंभर वॅटचा अँप मी गाडीत घालून परत नेला. त्याने दुखणं झाकलं असतं आणि मास्तरांचे पैसे गेले असते.

वसरीवर इलाज

गोव्याच्या जुन्या घरात फोमच्या काळ्या पाट्या चिकटवा असं मी कोणाला सांगणार नाही. दिसायला वाईट, आणि आपल्या हवेत त्यांना दोन पावसाळ्यांत बुरशी. काकींच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, माळ्यावर कापसाच्या चार जुन्या गाद्या होत्या. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून त्यातल्या दोन बाकड्यांवर घातल्या, दोन मागच्या भिंतीला लाकडी चौकटीत उभ्या करून वर हातमागाचं कापड लावलं. शोकेस काढून आतल्या खोलीत नेलं आणि त्या जागी मास्तरांची पुस्तकांची उघडी कपाटं आणली. पुस्तकांच्या असमान कडा आवाज फोडतात, सपाट काच तो तसाच परत फेकते. खाली जाड चटई. टाळी एका सेकंदाच्या आत आली. त्याच्या खाली आणायला मास्तरही तयार नव्हते. घर घरासारखंच वाजलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

स्पीकर शोकेसातून बाहेर आले हा अर्धा इलाज. मागे पोर्ट असलेला स्पीकर कोनाड्यात कोंबला की खर्ज फुगतो आणि डग्ग्याचा घिस्सा म्हणजे नुसता गुरगुराट ऐकू येतो. गावच्या मेस्ताने फणसाच्या लाकडाचे दोन स्टँड केले. स्टँडची उंची आपण खुर्चीवर ताठ बसतो असं धरून ठरवली जाते. मास्तर आरामखुर्चीत रेलून ऐकतात, त्यांचा कान जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर. मेस्ताला तोच आकडा दिला, ट्वीटर त्या रेषेत आला पाहिजे म्हणून. भिंतीपासून ७० सेंटिमीटर पुढे, एकमेकांपासून सव्वादोन मीटर, तोंड किंचित आत.

आता शब्द कळू लागले. मास्तरांनी एक जुनी अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड डिजिटल केलेली लावली, आणि तंबोऱ्याची जवारी खोलीत उभी राहिली. त्या काळच्या लाखेच्या रेकॉर्डवर वर पाच-सहा हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं नसतं, खालीही फार काही नसतं. सगळं गाणं मधल्या पट्ट्यात. म्हणून अशा श्रोत्याने स्पीकर निवडताना खर्ज किती खोल जातो हे शेवटी बघावं आणि माणसाचा आवाज माणसासारखा लागतो का हे आधी. हे लहान स्पीकर त्यात पास होते.

नापास झाले ते घुमटाला. चवथीची आरती लावली, शामेळ आणि कांसाळी ही साथीची वाद्यं ठीक, पण घुमट मडक्याऐवजी डबा वाजवल्यासारखं.

हिशेब एकदा नीट

मास्तर चार मीटरवर बसतात. एक मीटरला ८५ डेसिबल म्हणजे चार मीटरवर, खोलीची मदत आणि दुसरा स्पीकर धरून, साधारण ८०. नेहमीचं ऐकणं ७५ च्या आसपास. त्याला किती वीज लागते? एक तृतीयांश वॅट! अभंगाला मास्तरांचा रिसीव्हर काय, खेळण्यातला अँपही चालला असता.

घुमटाची थाप मात्र क्षणभर ९८ पर्यंत जावी अशी त्यांची इच्छा. ८० पासून ९८ म्हणजे १८ डेसिबल वर. दर तीन डेसिबलला वीज दुप्पट, म्हणजे सहा वेळा दुप्पट, साधारण ६३ वॅट. हा आकडा आठ ओहमच्या भाषेतला. त्यासाठी लागणारे साडेबावीस व्होल्ट ३.४ ओहमच्या खड्ड्यात घाला, अँपला तिथे दीडशे वॅट द्यावे लागतात आणि साडेसहा अँपिअर ओढावे लागतात. तेही १९८ व्होल्टच्या संध्याकाळी. लाल दिवा का चमकत होता ते इथे कळतं.

आता ९० डेसिबलचा स्पीकर घ्या. चढण १३ डेसिबल, म्हणजे वीस वॅट. साडेबारा व्होल्ट. इम्पीडन्स तसाच साडेतीनपर्यंत उतरला तरी ४५ वॅट आणि साडेतीन अँपिअर. पाच डेसिबलच्या फरकाने अँपचं ओझं एक तृतीयांश झालं. अँप बदलून हे साधायचं तर तिप्पट मोठा अँप हवा.

हा हिशेब मी थोरल्याला फोनवर ऐकवला. त्याचं म्हणणं वेगळं. त्याच्या एका मित्राने ३०० बी या जुन्या धाटणीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप सुचवला होता, "गाण्याला तोच, बाकी सगळं झूट." मला व्हॉल्व्ह आवडतात, दुकानात एक कायम पेटलेला असतो. पण एका ३०० बीचा अँप आठ-एक वॅटचा, आणि त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स दोन ओहमच्या आसपास. ज्या स्पीकरचा इम्पीडन्स ३.४ ते ४५ असा वरखाली होतो त्याला तो जोडला, तर नुसत्या या दोन ओहममुळे दोन ठिकाणांच्या आवाजात साडेतीन डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे अँपच टोन कंट्रोल होऊन बसतो, आणि तो आपल्या हातात नाही. कर्ण्यासारखं तोंड असलेले, ९५ च्या पुढचे, शांत इम्पीडन्सचे स्पीकर असते तर मीच आणून दिला असता.

त्याच्या लहान स्पीकरांचीही बाजू सांगतो, कारण ते वाईट म्हणून परत गेले असं कोणाला वाटू नये. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए, १९७० च्या दशकातला. बाहेरगावी ध्वनिमुद्रणाला जाणाऱ्या गाड्यांत, दीड-दोन हातांवर बसलेल्या तंत्रज्ञाने निवेदकाचा आवाज पारखावा म्हणून तो बनवला. सेन्सिटिव्हिटी ८३ च्या आसपास. माणसाच्या आवाजाला आजही त्याची शपथ घेतात. गाडीच्या पोटात ऐकायला जन्मलेल्या चीजेने छत नसलेल्या कौलारू वसरीत घुमट वाजवावं, ही अपेक्षा चुकीची. थोरल्याचा दोष एवढाच की त्याने बंगळुरूच्या आपल्या दहा बाय अकराच्या खोलीत ऐकून निवड केली. तिथे ते सुंदर वाजत असणार.

निवड

तीन जोड्या आठ-आठ दिवस घरी ठेवल्या. दुकानात ऐकून स्पीकर घेणं म्हणजे मांडवात बघून लग्न ठरवणं, माझा तरी त्यावर भरवसा नाही. पहिली जोडी साडेसहा इंची वूफरची, ८८ डेसिबलची. बरी होती, तिच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. दुसरी उंच, जमिनीवर उभी राहणारी. तिचा खर्ज वसरीच्या टोकाला जाऊन असा घुमला की काकींनी तिसऱ्या दिवशी ती उचलायला लावली.

तिसरी वॉर्फडेलची लिंटन. तीन-मार्गी, आठ इंची वूफर, ९० डेसिबल, नाममात्र ६ ओहम. वॉर्फडेल ही १९३२ मध्ये यॉर्कशरमध्ये गिल्बर्ट ब्रिग्जने घराच्या तळघरात सुरू केलेली कंपनी, आणि लिंटन हे तिचं जुनं नाव नव्याने काढलेलं. पेटी रुंद, जाळी कापडी, १९७० च्या काळात घरोघरी असत तशी. मास्तरांना आधी ती रूपानेच आवडली. मला आवडलं ते हे की मधल्या पट्ट्याला वेगळा स्पीकर आहे आणि वूफर खालची कामं बघतो. शिवाय वूफरची कड रबराची. फोमची कड आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत बोटाने पिठासारखी गळते, माझ्या दुकानात दर महिन्याला एक तरी येतो.

घुमट आता मातीचं वाजलं. थाप पडल्यावर मडक्याच्या तोंडातून जो श्वास निघतो तोसुद्धा आला. मास्तर उठून स्पीकरजवळ गेले, जाळीवर हात ठेवून उभे राहिले, आणि मला ओळखीच्या कोणाविषयी सांगावं तसं म्हणाले, "हा खालच्या वाड्यावरचा वाजवणारा. त्याचा डावा हात असाच."

अँपसाठी मग फार शोधावं लागलं नाही. लिंटनचाही इम्पीडन्स खाली उतरतो, तेव्हा चार ओहमला न डगमगणारा हवा, पण दांडगा नको. आठ ओहमला ६०, चारला शंभराच्या जवळ, दोनच चॅनेल, एक जड ट्रान्सफॉर्मर. एनएडी ३०२० नावाचा एक अँप १९७८ मध्ये आला होता, कागदावर फक्त २० वॅटचा. अवघड स्पीकरांना तो सहज ओढायचा, कारण कमी ओहमला लागणारा करंट द्यायची त्याची तयारी होती. माझ्याकडे दुरुस्तीला आलेला एक मी मालकाला परत द्यायला टाळाटाळ केली होती, हे कबूल करतो. मास्तरांना मी तो किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी "वीस वॅट?" असं दोनदा विचारलं. वॅटचं भूत लवकर उतरत नाही.

वायर अडीच चौरस मिलिमीटरची, साधी तांब्याची, इलेक्ट्रिकच्या दुकानातली. पाच मीटरला जाऊन-येऊन ०.०७ ओहम. याहून महाग वायरीचे पैसे मास्तरांनी गाद्यांवर खर्च केले, ते बरं झालं.

बाल्कांवातल्या पेट्यांना वेगळा छोटा अँप दिला. पाहुण्यांसाठी आता वेगळं बटण, वसरीच्या अँपशी त्याचा संबंध नाही. अँपच्या वरच्या फटींवर बारीक जाळी बसवली, कारण पावसात पाल उबेला आत शिरते आणि स्वतःबरोबर आउटपुट ट्रान्झिस्टरही घेऊन जाते. ही अतिशयोक्ती नाही, माझ्या दुकानात बरणीभर पुरावे आहेत. स्टॅबिलायझर लावला. वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा, हे काकींना सांगितलं. मास्तरांना सांगून उपयोग नसतो.

राहिलेलं एक

सगळं लागलं तरी काकींची कुरकूर होती. त्या संध्याकाळी मागच्या भिंतीला टेकून अबोलीचे वळेसर गुंफत बसतात, आणि तिथे डग्गा ढुम्म ढुम्म करतो. मास्तर म्हणत, मला तर छान ऐकू येतं. दोघंही खरं बोलत होते. ७.२ मीटर लांबीच्या खोलीत आपल्या उष्ण हवेत ४८ हर्ट्झच्या आसपास एक लाट अशी उभी राहते की ती दोन्ही भिंतींशी सर्वांत जोरकस, आणि लांबीच्या पावाशी जवळजवळ नाहीशी. मागच्या भिंतीपासून पाव लांबी म्हणजे १.८ मीटर. मी माइक, फोन आणि टेप घेऊन गेलो, जमिनीवर खडूने खुणा करायला लागलो. कोपऱ्यांत कापसाचे जाड लोड उभे करायचे की स्पीकर थोडे पुढे घ्यायचे, यावर मी आणि मास्तर वाद घालत होतो.

तेवढ्यात काकींनी परडी उचलली, पाट पायाने सरकवत सरकवत खडूच्या दुसऱ्या खुणेच्या जरा अलीकडे आणला, बसल्या, आणि दोऱ्यात पुढचं फूल घालत म्हणाल्या, "आतां बरें आयकूंक येता. तूं तुजें मेजीत राव."